दारावरची पाटी आणि आतला ठेका: बारमध्ये हाउस संगीत वाजवताना पडलेला एक प्रश्न

चौथा_ठोका (धागाकर्ता):

गेली सहा वर्षे मी कोल्हापुरात आठवड्यातून दोन रात्री बारमध्ये हाउस संगीत (यंत्रांवर केलेले, नाचायचे एक संगीत) वाजवतो आणि दिवसा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. ‘डीजे’ म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर विसर्जन मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत उभी राहते, म्हणून आधीच सांगून ठेवतो की माझा सगळा संसार कोपऱ्यातल्या एका टेबलावर मावतो: दोन प्लेअर, एक मिक्सर, एक पेन ड्राइव्ह आणि हेडफोन. मिनिटाला एकशे वीस-पंचवीस ठोक्यांचा ठेका रात्रभर तुटू न देता पुढे नेत राहायचा आणि एक रेकॉर्ड संपून दुसरी केव्हा सुरू झाली हे समोरच्याला कळू द्यायचे नाही, एवढीच त्यातली कारागिरी.

परवा २६ जून होता. सकाळी दसरा चौकात जाऊन राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याला नमस्कार केला, तिथली भाषणे भिजत भिजत ऐकली आणि रात्री नेहमीप्रमाणे कामावर गेलो. साडेनऊच्या सुमारास दारावर तीन मुले आली. त्यांतला एक आमच्याच कारखान्यात मोल्डिंगला आहे. मी इथे वाजवतो हे त्याला मीच सांगितले होते. त्यांना परत पाठवण्यात आले. कारणे दोन होती: बरोबर मुलगी नव्हती आणि एकाच्या पायात चप्पल होती. दारावर पाटीच आहे, ‘फक्त जोडप्यांना प्रवेश, चप्पल चालणार नाही’. काचेतून त्याने मला हात केला, मीही केला, आणि तो पावसात निघून गेला. मी वाजवत राहिलो.

त्यानंतरचा तासभर मला हातातल्या रेकॉर्डकडे नीट पाहवेना. हे संगीत शिकागोमध्ये ज्या ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात रुजले आणि ज्याच्या नावावरून त्याला ‘हाउस’ म्हणू लागले, तो क्लब १९७७ साली सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स वाजवत असत, आणि तिथे येणारी माणसे मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी होती, म्हणजे शहरातल्या इतर क्लबांच्या दारावरून परत पाठवली जाणारीच. बाहेर ठेवलेल्या माणसांनी आपल्यासाठी उघडलेल्या खोलीतले हे संगीत मी माणसे बाहेर ठेवणाऱ्या खोलीत वाजवतो आणि घरी जाऊन स्वतःला पुरोगामी म्हणवतो.

प्रश्न असा की संगीतातले राजकारण संगीताबरोबर प्रवास करते का? की ते फक्त वाजवणाऱ्याच्या डोक्यात राहते आणि ऐकणाऱ्यापर्यंत नुसता ठेका पोहोचतो? आपले अनुभव वाचायला आवडतील.

तांबडा_रस्सा:

हाउसमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह हाउस’ असाही एक प्रकार असतो असे माझा पुतण्या सांगतो. म्हणजे मराठीत पुरोगामी घर. आमच्या सासरी हा प्रकार अद्याप पोहोचलेला नाही.

निवृत्त_मास्तर:

धागाकर्त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर बाळगून स्पष्ट लिहितो. राजकारण शब्दांनी होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा डफावरची थाप ही माणसे गोळा करण्यापुरती होती. माणसे गोळा झाल्यावर त्यांना सांगायला त्यांच्याकडे काहीतरी होते. त्याआधी सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, ढोलकी तीच ठेवली आणि वगातून सावकार-भटजींची लूट गावोगाव मांडली. तुमच्या संगीतात शब्दच नाहीत, आणि असले तरी ‘ये, नाच, प्रेम कर’ याच्या पुढे जात नाहीत. शिकागोचा इतिहास थोर असेल, पण तो समोर बसून पापलेट खाणाऱ्या माणसाला ठाऊक नाही आणि तुम्ही तो सांगतही नाही. मग राहिले काय? दारू पिताना पार्श्वभूमीला एक ठोका. त्याला पुरोगामी म्हणणे हे चकण्यावर कोथिंबीर भुरभुरण्यासारखे आहे.

चौथा_ठोका:

मास्तर, आपला मुद्दा मान्य करायला अवघड जात नाही, त्रास एवढाच होतो की तो खरा आहे. एक तपशील मात्र घालतो. वेअरहाउसमध्ये दारू विकतच नव्हते. फळांचा रस आणि पाणी मिळायचे. म्हणजे दारूच्या पार्श्वभूमीला ठोका ही माझी कमाई आहे, हाउसची नव्हे.

दोन_तिकिटे:

मास्तरांनी शब्दांचा आग्रह धरला म्हणून लिहितो. मी पुरुष आहे, माझा जोडीदारही पुरुष आहे, आणि आम्ही नऊ वर्षे या शहरात एकत्र राहतो. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ बाबत दिला, त्या संध्याकाळी आम्ही दोघे अशाच एका बारमध्ये बसायचे म्हणून निघालो होतो. दारावरच्या मनुष्याने अत्यंत नम्रपणे सांगितले, ‘साहेब, आज फक्त कपल.’ आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि हसत रंकाळ्यावर जाऊन भेळ खाल्ली. त्याला काय सांगणार होतो?

आतून तेव्हा हाउसच वाजत होते, हे मला आज या धाग्यामुळे अधिक झोंबले. शब्द नसलेल्या संगीताने आमच्यासारख्यांना काय दिले, हे मास्तरांना कदाचित कळणार नाही, आणि ते त्यांना कळावे अशी सक्तीही नाही. शब्दांच्या गाण्यात नेहमी एक तो असतो आणि एक ती असते. ठेक्यात कोणीच नसते, त्यामुळे त्यात आपल्याला उभे राहता येते. पुण्यातल्या एका खासगी कार्यक्रमात मी पहिल्यांदा चाळीस अनोळखी माणसांच्या गर्दीत माझ्या जोडीदाराचा हात धरून उभा होतो आणि त्या रात्री कोणी भाषण केले नव्हते.

परमिट_रूमवाला:

या व्यवसायात मी बावीस वर्षे आहे (धागाकर्त्यांच्या बारशी माझा संबंध नाही), म्हणून दुसरी बाजू मांडतो; शिव्या घालायच्या असतील तर वाचून झाल्यावर घालाव्यात. ‘फक्त जोडपी’ ही पाटी कोणी मनुस्मृती वाचून लावत नाही. चार मुले एकत्र आली की एक बिअर तीन तास पुरवतात, एखाद्या टेबलाकडे पाहून कोणीतरी काही बोलतो, ग्लास फुटतो, पोलीस येतात आणि परवाना माझ्या नावावर असतो. मुलगी बरोबर असली की पुरुष सभ्य वागतो, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. चपलेचे सांगायचे तर ते खरोखर वर्ग पाहण्याचेच साधन आहे, ते मी नाकारत नाही. ज्याला बूट घालायचे सुचते तो बिलावर वाद घालत नाही, अशी समजूत आहे. ती खरी आहे की नाही हे कोणी मोजलेले नाही.

आणि राजकारणाबद्दल विचाराल, तर माझ्या बारमध्ये सर्व पक्षांची माणसे येतात, शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात आणि एकमेकांची बिले देतात. याहून अधिक पुरोगामी जागा मला दाखवा.

अबोली_के:

परमिट_रूमवाले दादा, मुलगी बरोबर असली की पुरुष सभ्य वागतो, या वाक्यात मुलगी म्हणजे प्रवेशाचे तिकीट झाली, हे तुमच्या लक्षात आले असेलच. मी स्वतः त्या तिकिटाचे काम केले आहे. महाविद्यालयात असताना मित्र म्हणायचे, ‘तू चल गं, नाहीतर आत सोडत नाहीत’, आणि आत गेल्यावर त्यांची त्यांची मैफल जमायची. उलट आम्ही चौघी मैत्रिणी एका वाढदिवसाला गेलो, तेव्हा आम्हाला पडदा लावलेल्या ‘फॅमिली रूम’मध्ये बसवले. ठेका भिंतीतून ऐकू येत होता. नाचायची जागा पलीकडे होती.

पण धागाकर्त्यांनाही एक सांगायचे आहे. दार सताड उघडे टाकले की पुरोगामी झाले, असे मानू नका. मी मुंबईत अशा उघड्या दाराच्या जागी गेले आहे, आणि अकरा वाजेपर्यंत त्या खोलीतल्या सगळ्या बायका निघून गेलेल्या होत्या. कोणाला आत घेणार याइतकाच, आत आल्यावर कोणी कसे वागायचे आणि नाही वागला तर त्याला बाहेर कोण काढणार, हा प्रश्न असतो. दारावर बाई उभी असेल तर फरक पडतो. एवढे साधे काम कोल्हापुरात कोणी केलेले मला आठवत नाही.

तांबडा_रस्सा:

अबोलीताईंच्या पोस्टला नमस्कार. मी फक्त एवढेच विचारणार होतो की, ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दिसल्यावर ‘आमची चप्पल, आमचा अभिमान’ म्हणून आपण सगळे पेटून उठलो, ती कोल्हापुरातल्याच बारमध्ये चालत नाही, हे मिलानवाल्यांना कळले तर ते काय म्हणतील?

हलगी_घुमकं:

रस्सासाहेबांनी चपलेचा विषय काढला ते बरे झाले, कारण चामड्याचे बोलल्याशिवाय ठेक्याचे बोलता येत नाही. चप्पल शिवणारे हात आणि हलगी मढवणारे हात आपल्याकडे एकाच बाजूच्या वस्तीत राहत आले आहेत.

मी पन्हाळा तालुक्यातला. आमच्या घरी हलगी होती. लग्नाची वरात, जत्रा, कुस्तीचे मैदान, मयत, या सगळ्याला आजोबा वाजवायचे. जाळावर कातडे शेकून घ्यायचे, ते ताणले की असा कडक आवाज निघायचा की तालमीतल्या पैलवानाच्या अंगावर काटा यायचा. जोडीला घुमकं असले की तो ठेका तास दोन तास अखंड चालायचा, आणि त्यात हलगीवाला हळूहळू लय चढवत न्यायचा, कोणाला न कळू देता. धागाकर्त्यांनी आपल्या कामाचे वर्णन केले तेव्हा मला आजोबांचे हातच दिसले. पण वाजवून झाले की पंगतीत पान नव्हते. भाकरी वरून पदरात टाकली जायची. ज्या ठेक्यावर अख्खे गाव नाचले, तो वाजवणारा मांडवाच्या बाहेर.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आजोबांनी हलगी खाली ठेवली. नुसती ठेवली नाही, फोडली. गावाने पुष्कळ विनवण्या केल्या, धाकही घातला. दोन वर्षे जत्रेला दुसऱ्या गावाहून वाजवणारे आणावे लागले. आजोबा उत्तम वादक होते असे माझे वडील सांगायचे, आणि त्यांना वाजवायला आवडायचे हेही सांगायचे. तरी त्यांनी हलगी खाली ठेवली, कारण गावकीचे काम म्हणून वाजवायचे नाही हे ठरले होते. मास्तर म्हणतात राजकारण शब्दांनी होते. आमच्या घरातले सर्वांत मोठे राजकीय कृत्य म्हणजे एका माणसाने न वाजवणे हे होते, आणि त्यात त्यांनी एक शब्दही उच्चारला नव्हता.

मी आता हलगी वाजवतो. आजोबांच्या निर्णयाचा हा अपमान आहे का, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. मी माझा दर सांगतो, आगाऊ निम्मे पैसे घेतो, आणि मयताला वाजवत नाही. जेवण सगळ्यांबरोबर मांडवात, ही अट मी फोनवरच घालतो. एकदा पंगतीत जागा ‘नंतर’ मिळेल असे सांगितले, तेव्हा घुमकं पोत्यात घालून परत आलो. वरात बँडवर गेली.

तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की ठेका कोणाचेही ऐकतो. तो मिरवणुकीतही वाजतो, मोर्चातही वाजतो. वाजवणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते, कोणत्या अटीवर वाजवायचे.

निवृत्त_मास्तर:

हलगी_घुमकं यांची पोस्ट मी तीनदा वाचली. शब्दांविषयीचे माझे पहिले विधान मी मागे घेतो. निदान त्यातला अहंकार तरी.

सुरेल_संशय:

चर्चा उंचीवर गेली आहे, तरी ‘हे परके संगीत’ अशी जी भावना काही जणांच्या मनात असेल तिच्यासाठी एक माहिती. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची टीआर-८०८ (ठेका देणारे) आणि टीबी-३०३ (बासचे सूर काढणारे) ही यंत्रे जोडून, डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. ती तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण शिकागोतले ‘अ‍ॅसिड हाउस’ ज्या टीबी-३०३ च्या चिरक्या, घसरत्या आवाजावर उभे राहिले ते पुढे काही वर्षांनी. शिकागोच्या पोरांनी सिंग यांची रेकॉर्ड ऐकली होती असे मात्र कोणी म्हणू नये. दोन गावांत दोन माणसांना एकच यंत्र मिळाले आणि दोघांनी ते त्याच्या कारखानदाराला अपेक्षित नसलेल्या रीतीने वापरले, एवढाच याचा अर्थ. बास वाजवणाऱ्याची उणीव भरून काढायला म्हणून टीबी-३०३ हे यंत्र केले होते आणि त्या कामी ते नापास झाले, म्हणून स्वस्तात मिळू लागले, म्हणून गरीब पोरांच्या हाती पडले. हाउसच्या इतिहासातला हा सर्वांत राजकीय तपशील आहे, असे माझे मत आहे.

आणि कोल्हापूरला बाहेरचे संगीत नवे नाही. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानकडचे. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आणले, आणि जयपूर-अत्रौली गायकीचा वृक्ष या मातीत वाढला. तेव्हाही कोणीतरी ‘आपल्याला हे समजत नाही’ असे म्हटलेच असेल.

परमिट_रूमवाला:

दरबारात तिकीट नव्हते आणि खर्च संस्थानाचा होता, एवढे लक्षात असू द्यावे. माझ्याकडे गिऱ्हाईक तिसऱ्या पेगला येऊन लावणीचे रिमिक्स मागते.

दोन_तिकिटे:

तिसऱ्या पेगला गिऱ्हाइकाने काय मागितले यावर शिकागोतही एकदा मोठा दंगा झालेला आहे. १२ जुलै १९७९ रोजी तिथल्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटकांनी उडवला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करून पाहुण्या संघाला विजयी घोषित करावे लागले. त्या मैदानावर लोकांना जागा दाखवण्याचे काम व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा करत होता. लोक जाळायला आणत असलेल्या कित्येक रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या, हे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. हाच मुलगा पाच वर्षांनी, १९८४ साली, जेसी साँडर्सबरोबर हाउसच्या सर्वांत आधीच्या रेकॉर्डपैकी एक करत होता. ‘हे आपले संगीत नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या मनात बरेचदा संगीत नसतेच.

तांबडा_रस्सा:

इंग्लंडने तर १९९४ साली कायदाच केला. रात्री उघड्यावर जमून मोठ्याने वाजवलेल्या संगीतात ‘एकापाठोपाठ एक पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचाही’ समावेश होतो, अशी व्याख्या करून पोलिसांना जमाव पांगवायचा अधिकार दिला. ही व्याख्या इकडे आणली तर आमच्या गल्लीतले एकादशीचे भजनी मंडळ सर्वांत आधी आत जाईल. पखवाजवाल्या काकांना जामीन मिळणेही कठीण आहे, कारण पुनरावृत्ती त्यांनी ‘जय जय राम कृष्ण हरी’ला पाऊण तास केलेली अख्ख्या गल्लीने ऐकली आहे.

पंचगंगाकाठ:

हसून झाल्यावर रस्सासाहेबांच्या पहिल्याच विनोदाकडे वळतो, कारण ‘पुरोगामी घर’ या शब्दामागे एक गोष्ट आहे. ‘प्रोग्रेसिव्ह हाउस’ हे नाव १९९२ साली ‘मिक्समॅग’ या ब्रिटिश मासिकात डॉम फिलिप्स या पत्रकाराने रूढ केले. तिथे ‘प्रोग्रेसिव्ह’चा राजकारणाशी काही संबंध नव्हता, लांबत जाणाऱ्या, थर चढवत जाणाऱ्या संगीताला दिलेले ते नाव होते. पुढे फिलिप्स ब्राझीलला गेले आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलतोडीवर, तिथल्या आदिवासींच्या लढ्यावर लिहू लागले. ५ जून २०२२ रोजी जावारी खोऱ्यात, आदिवासींसाठी काम करणाऱ्या ब्रुनो परेरा यांच्यासोबत नदीतून प्रवास करत असताना दोघांचाही खून झाला.

नाव देताना त्यांच्या मनात जो अर्थ नव्हता तो त्यांनी नंतर तीस वर्षांत जगून दाखवला. आपल्याकडे उलटे झाले आहे. ‘पुरोगामी कोल्हापूर’ हा शब्द आपण स्वागत कमानीवर लिहितो, भाषणाच्या सुरुवातीला म्हणतो, आणि २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसच्या निमित्ताने याच शहरात दगड पडले तेव्हाही दुसऱ्या दिवशी ‘पुरोगामी कोल्हापुरात असे घडलेच कसे’ असे म्हणालो. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हाही हेच वाक्य म्हटले होते. धागाकर्ते बारच्या पाटीने अस्वस्थ झाले, पण शहराच्या पाटीचे काय, हेही विचारायला हवे.

निवृत्त_मास्तर:

पंचगंगाकाठ यांचे रास्त आहे, पण शहराची पाटी या धाग्यावर उतरवता येणार नाही. बारची कदाचित येईल. म्हणून मी मूळ प्रश्नाकडे परत जातो.

गंगाराम कांबळे यांची हकिकत आपण सगळे शाळेत ऐकतो आणि शाळेतच ठेवून येतो. राजवाड्यावर नोकरीत असलेल्या गंगाराम यांना पाण्याला शिवल्यावरून सवर्ण नोकरांनी मारले. महाराजांनी दोषींना शिक्षा तर केलीच, पण गंगाराम यांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला लावले. तिथे सुरुवातीला कोणी फिरकेना. तेव्हा महाराज लवाजम्यासह तिथे गाडी थांबवून, सर्वांच्या देखत चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागला.

यात मला आज नव्याने दिसलेली गोष्ट अशी की महाराजांकडे हुकूम काढण्याचा अधिकार होता आणि त्यांनी तो वापरलाही. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. तरीही त्यांना ते पुरेसे वाटले नाही. रस्त्यावर, एका दुकानाच्या दारात, कोण कोणाच्या हातचे काय पितो, तिथे जाऊन बसावे लागले. चहा कसला होता, गोड होता की कडक, हे इतिहासात नोंदलेले नाही. म्हणजे, चौथा_ठोका, तुम्ही काय वाजवता यापेक्षा तुम्ही कोणाच्या दारात वाजवता आणि तिथे कोण येऊ शकतो, हा प्रश्न आधीचा आहे. संगीत चांगले असावे एवढीच अपेक्षा आहे, म्हणजे माणसे थांबतील.

हलगी_घुमकं:

मास्तर, कबूल. फक्त महाराजांना चहा नाकारायची कोणाची छाती नव्हती, आणि डीजेला उद्या सकाळी बदलता येते. आमच्या आजोबांच्या वेळी अख्ख्या वस्तीने ठरवले होते, म्हणून ते टिकले. धागाकर्त्यांनी एकट्याने अट घालण्याआधी शहरात वाजवणारे आणखी जे पाच-सात जण आहेत त्यांच्याशी बोलावे. नाहीतर वरात बँडवर जाते.

चौथा_ठोका:

आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही घडल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

हलगी_घुमकं यांचा सल्ला मानून आम्ही सहा जण भेटलो. त्यांतले दोघे म्हणाले की दार हा मालकाचा विषय आहे आणि त्यांची भूमिका मी समजू शकतो. एकाच्या घराचा हप्ता याच पैशांवर चालतो. उरलेल्या चौघांनी आपापल्या मालकांशी बोलायचे ठरवले. माझ्या मालकांशी मी शुक्रवारी दुपारी, बार उघडण्याआधी बोललो. भाषण तयार करून गेलो होतो, शिकागो वगैरे सगळे, पण ते गिळले आणि एवढेच म्हणालो की गुरुवारी तुमच्याकडे निम्मी टेबले रिकामी असतात, तो दिवस मला द्या, पाटी काढा, आणि त्या दिवसाचे माझे मानधन विक्री वाढली तरच द्या. त्यांनी मुलांच्या भांडणांचा मुद्दा काढला. परमिट_रूमवाले यांनी इथे लिहिलेले जवळजवळ शब्दशः. एक बिअर तीन तास पुरवणाऱ्यांसाठी दारावरच दोनशे रुपयांचे कूपन घ्यायचे आणि ते बिलातून वजा करायचे, असे ठरले. चपलेचे त्यांनी हसून सोडून दिले. ते म्हणाले, ‘अरे, माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसरे काही पायात घातले नाही.’ मग पाटी कोणी लावली, असे विचारल्यावर ते म्हणाले की आतली सजावट करणाऱ्याने बाकीच्या पाट्यांबरोबर आणून दिली होती.

जोडप्यांची अट मात्र शनिवारी कायम आहे. शनिवारी मी वाजवावे की नाही, हे अजून ठरलेले नाही. पैसे शनिवारचेच आहेत.

परमिट_रूमवाला:

कूपनाची कल्पना मी उचलणार आहे. राजकारण तुमच्याकडे ठेवा.

दोन_तिकिटे:

गुरुवारी आम्ही दोघे येतो. कूपन दोन घेऊ.

तांबडा_रस्सा:

माझ्याकडे कापशी चपलेची जोडी आहे, नवी असल्याने करकरते. ती ठेक्यात करकरेल याची जबाबदारी डीजेंनी घ्यावी.

अबोली_के:

दारावर बाई असणार आहे का, आणि फॅमिली रूमचा पडदा त्या दिवशी उघडा राहणार आहे का, एवढे आधी कळवावे. मग आम्ही चौघी ठरवू.

चौथा_ठोका:

अबोलीताई, पडद्याचे मी विचारलेच नव्हते. उद्या दुपारी विचारून लिहितो.